वडगावचा तह आणि अंकाराची वळणे

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली. त्याचे पडसाद पुण्याच्या मार्केट यार्डापर्यंत उमटले आणि फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे न घेण्याचे जाहीर केले. १५ मे रोजी केंद्र सरकारने चेलेबी या विमानतळसेवा देणाऱ्या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी रद्द केली. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात याच देशाला भारताने ऑपरेशन दोस्तमधून बचावपथके आणि लष्कराचे फिरते रुग्णालय पाठवले होते. त्यामुळे ‘कृतघ्न’ हे विशेषण सगळ्यांच्या तोंडी आले. राग समजण्याजोगा आहे, पण त्या विशेषणाने काहीच उलगडत नाही. हाच देश १९५२ पासून नाटोत आहे आणि रशियाकडून क्षेपणास्त्रप्रणालीही विकत घेतो. तो युक्रेनला ड्रोन देतो आणि रशियावरच्या निर्बंधांत मात्र सामील होत नाही. सौदी अरेबिया, अमिराती, इजिप्त, इस्रायल या सगळ्यांशी एका दशकात त्याने भांडण केले आणि समेटही केला. एवढ्यांशी एकाच वेळी कृतघ्न कोण कसा असेल? दोन बलाढ्य शक्तींच्या मधोमध उभे असलेले राज्य मित्र का बदलते, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या शेजाऱ्यांच्या नकाशावर सापडत नाही. ते त्याच्या घरातल्या सत्तेच्या भांडणात सापडते, असे माझे म्हणणे आहे. हे तपासायला मावळी वाचकाला अंकाराला जावे लागत नाही. खंडाळा, कार्ले, तळेगाव, वडगाव एवढ्या पट्ट्यात त्याचा पुरेपूर दाखला पडून आहे.

वडगावची लढाई आपण शाळेत इंग्रजांची फजिती म्हणून शिकतो. ती फजिती होतीच, पण तिचे मूळ शनिवारवाड्यात होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादा गादीवर बसले. रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी ठरवले आणि बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध फळी उभी केली. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या मुलाला पेशवेपद मिळाले. घरात हरलेल्या दादांनी मग बाहेरचा हात धरला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात इंग्रजी फौजेच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई त्यांनी लिहून दिली. म्हणजे मराठी राज्याच्या परराष्ट्रधोरणातला हा सर्वांत महाग करार एका घरगुती दाव्याची किंमत होता. इंग्रजांच्या बाजूलाही चित्र वेगळे नव्हते. १७७३ च्या कायद्याने मुंबईकरांना कलकत्त्याच्या ताब्यात दिले होते आणि ते त्यांना सलत होते. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य करून कर्नल अप्टनला पाठवले आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. मुंबईने तो मनापासून कधी पाळलाच नाही. खुद्द कलकत्त्याच्या कौन्सिलात हेस्टिंग्ज आणि फ्रान्सिस यांचे इतके फाटले होते की १७८० मध्ये दोघांनी एकमेकांवर पिस्तुले झाडली. एकीकडे दुभंगलेले पुणे, दुसरीकडे दुभंगलेली कंपनी, आणि तह मात्र ‘मराठे’ आणि ‘इंग्रज’ यांच्यात झाले असे आपली पाठ्यपुस्तके सांगतात.

१७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला. त्याच्या अधिकाराविषयी तेव्हाही शंका होत्या. तरी नाना फडणवीसांनी त्याचा दरबारी इतमाम राखला आणि फ्रेंचांना चौलचे बंदर मिळणार अशी आवई इंग्रजांच्या कानी जाऊ दिली. फ्रान्सशी मैत्री करण्यापेक्षा मुंबईला धाक घालणे हा यातला हिशेब असावा. धाक बसला, पण नको तिथेही बसला. अमेरिकेत फ्रान्स इंग्लंडविरुद्ध उतरत असताना पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंच बंदर होणार या भीतीने हेस्टिंग्जने बंगालची फौज जमिनीवरून थेट पश्चिमेकडे धाडली. तीच पुढे गॉडर्डच्या हाताखाली सुरतेला पोचली आणि युद्ध चार वर्षे लांबले. तिसऱ्याचे नाव पुढे करून दुसऱ्याला नमवायची युक्ती स्वस्त वाटते, पण तिचे बिल मागाहून येते. तुर्कस्तानला ते जुलै २०१९ मध्ये आले. रशियन एस-४०० प्रणालीचे भाग अंकाराजवळ उतरले आणि त्याच महिन्यात अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर काढले. पैसे भरलेली विमाने अमेरिकेतच राहिली. डिसेंबर २०२० मध्ये वर निर्बंधही लागले.

पुन्हा मावळात येऊ. १७७८ च्या वसंतात पुण्यात आणखी एक उलथापालथ झाली. नानांचे चुलतभाऊ मोरोबा यांनी कारभार हाती घेतला. तुकोजी होळकर त्यांच्या बाजूला होते आणि सखारामबापू बोकील नेहमीप्रमाणे दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते. दादांना आणा, असे निरोप मुंबईला गेले. मुंबईच्या कौन्सिलने विचार करून निर्णय घेईपर्यंत महादजी शिंदे नानांच्या मदतीला आले होते आणि मोरोबा कैदेत पडले होते. तरी मुंबईची फौज निघालीच. सुमारे ३९०० माणसे, एकोणीस हजार बैल आणि सेनापती म्हणून तिघांची कमिटी: एजर्टन, कार्नक आणि पुण्यात वकिली केलेला मॉस्टिन. पुण्याची खडान्खडा माहिती असलेला मॉस्टिन आजारी पडून परत गेला आणि १ जानेवारीला मुंबईत वारला. २३ डिसेंबरला फौज बोरघाट चढून खंडाळ्याला आली आणि ९ जानेवारी १७७९ ला तळेगावात पोचली. जेमतेम पस्तीस किलोमीटरच्या वाटेला सतरा दिवस लागले. वाटेत भिवराव पानश्यांच्या तोफा आणि मराठी घोडदळ तिला टोचत राहिले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूचा असूनही त्याच्या धाडसाचे कौतुक इतके, की मावळ त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून आजही ओळखतो. कमिटीतल्या साहेबांची नावे इथे कोणाला ठाऊक नाहीत!

इतक्या संथ चालीचे कारण केवळ बैल नव्हते. दादांचे निशाण दिसताच मराठी सरदार येऊन मिळतील, या हिशेबावर मोहीम उभी होती, आणि फौज त्या सरदारांची वाट बघत चालली होती. कोणी आले नाही. तळेगाव गाठले तेव्हा गाव जाळलेले होते, दाणागोटा, वैरण काही शिल्लक नव्हते. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून, सामान पेटवून फौज मागे फिरली. दुसऱ्या दिवशी वडगावात तिला चहूबाजूंनी घेरले. त्यानंतर झालेल्या तहात १७७३ नंतर मिळवलेला मुलूख परत करणे, बंगालची फौज माघारी बोलावणे आणि दादांना महादजींच्या हवाली करणे ही कलमे आली. त्याच बोलण्यांत भडोच महादजींना देण्याचे वेगळे ठरले. इंग्रजांनी वडगावात ओळखले होते की समोर एक सरकार नाही. एक कारभारी आणि एक सरदार आहे, आणि सरदाराशी स्वतंत्र सौदा होऊ शकतो. कलकत्त्याने तह नाकारला, दादा निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेले, पण वडगावात हेरलेली ही फट इंग्रज विसरले नाहीत.

पुढच्या वर्षी नानांनी जी आघाडी उभी केली ती अठराव्या शतकातली मोठी राजनैतिक कामगिरी होती. पुणे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले हे एकमेकांचे जुने वैरी इंग्रजांविरुद्ध एकत्र आले. हैदरने सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला बेलीची फौज बुडवली. एप्रिल १७८१ मध्ये गॉडर्डलाही बोरघाटातून मार खात पनवेलला उतरावे लागले. म्हणजे खंडाळ्याच्या घाटाने दोन वर्षांत दोनदा इंग्रज परतवले. तरी आघाडी टिकली नाही. निजामाला गुंटूर परत मिळाल्यावर तो स्वस्थ बसला. नागपूरकरांचे सैन्य बंगालच्या सीमेवर हेस्टिंग्जच्या पैशाने थंड झाले. ग्वाल्हेर गमावलेल्या महादजींनी ऑक्टोबर १७८१ मध्ये आपला वेगळा समेट केला आणि मे १७८२ च्या सालबाईच्या तहात ते जामीनदार झाले. त्या तहाने हैदरला जिंकलेला मुलूख सोडायला सांगितले. आपल्याच दोस्ताला पुण्याने टेबलावर ठेवले. नानांनी मंजुरी लांबवली ती हैदरच्या भरवशावर. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला आणि तो भरवसाही संपला. महादजी मात्र दोनच वर्षांत दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक झाले. त्यांच्या दृष्टीने सालबाई हा उत्तम तह होता.

तुर्कस्तानकडे या चष्म्यातून पाहिले की त्याची वळणे बरीच सरळ दिसतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने सीरियाच्या सीमेवर रशियाचे सुखोई पाडले. नऊ महिन्यांत अध्यक्ष एर्दोगान सेंट पीटर्सबर्गला पुतिनच्या शेजारी बसले होते. मधल्या काळात बदलले काय? १५ जुलै २०१६ ला लष्करी उठाव फसला. त्याचा सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले ते फेतुल्ला गुलेन अमेरिकेत राहत होते, आणि वॉशिंग्टन त्यांना सोपवत नव्हते. त्यानंतर एर्दोगान यांना बहचेलींच्या कट्टर राष्ट्रवादी पक्षाचा टेकू लागला. त्याच टेकूवर एप्रिल २०१७ चे अध्यक्षीय पद्धतीचे सार्वमत जेमतेम ५१ टक्क्यांनी जिंकले गेले. सीरियातल्या कुर्दांविरुद्धच्या मोहिमा याच काळातल्या. २०२१ मध्ये लिरा कोसळला, २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारी आकड्यांनुसारच महागाई ८५ टक्क्यांवर गेली आणि मे २०२३ ची निवडणूक तोंडावर होती. नेमके याच सुमारास उठावामागे असल्याचा ज्यांच्यावर संशय होता त्या अमिरातीशी गळाभेट झाली आणि सौदी पत्रकार खशोगी यांच्या खुनाचा खटला सौदीकडे वर्ग झाला. तिजोरी रिकामी असताना गल्फशी वैर परवडत नव्हते, एवढाच अर्थ. स्वीडनच्या नाटोप्रवेशाला वीस महिने अडवून जानेवारी २०२४ मध्ये मान डोलावली, तेव्हा काही दिवसांतच एफ-१६ विमानांच्या विक्रीला अमेरिकेची संमती आली. हा सौदा नाना फडणवीसांनाही आवडला असता.

यावर एक आक्षेप येईल की भूगोल विसरता. बॉस्फरस आणि दार्दानेल्स ज्याच्या हाती, त्याची मनधरणी सगळे करणारच. १९३६ च्या माँत्रो करारापासून ते चालले आहे. हे खरे आहे. पण बोरघाट १७७५ ला होता तिथेच १८०३ ला होता, आणि तेव्हा इंग्रजी फौज दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्यात आली. भूगोल कोणत्या वाटा आहेत ते सांगतो. कोणती घ्यायची हे वाड्यात ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाकिस्तानशी मैत्री हा एर्दोगान यांच्या धार्मिक राजकारणाचा भाग आहे, त्यात मतपेटीचे गणित काय शोधता? इथे माझ्या मांडणीला मर्यादा पडते हे मान्य केले पाहिजे. पण ती धर्माच्या बाजूने पडत नाही. ही मैत्री १९५५ च्या बगदाद करारापासूनची आहे, आणि ती कट्टर निधर्मी सेनापतींच्या राजवटींतही तशीच राहिली. सायप्रसवर पाकिस्तानने तुर्कीला आणि काश्मीरवर तुर्कीने पाकिस्तानला साथ द्यायची हा जुना व्यवहार आहे. एर्दोगान यांनी त्याचा आवाज वाढवला, कारण तो आवाज घरी टाळ्या मिळवतो. म्हणून अंकारात सरकार बदलले तर भारताविरुद्धची भाषणे कमी होतील. पाकिस्तानशी असलेला लष्करी व्यवहार तेवढा सहज संपणार नाही. जून २०२५ मध्ये पंतप्रधान सायप्रसला गेले ते योग्य उत्तर होते, पण ते उत्तर म्हणूनच ठेवावे. तुर्कस्तानला कायमचा वैरी धरून धोरण आखणे म्हणजे मुंबईकरांसारखे मोरोबाच्या जुन्या निरोपावर घाट चढणे.

तिसरा आक्षेप तुलनेवरच आहे: संघराज्यासारख्या सैल मराठी सत्तेची आणि एकमुखी अध्यक्षाच्या देशाची बरोबरी कशी? बरोबरी नाहीच, आणि फरकच जास्त शिकवतो. पुण्याच्या आघाड्या फुटल्या, कारण सही करणारे हात अनेक होते आणि प्रत्येकाला वेगळी किंमत देता येत होती. अंकारात सही एकाच हाताची आहे, म्हणून वळणे झटपट घेता येतात. पण तिथे शब्द राज्याचा न राहता माणसाचा होतो. समोरचा मग दीर्घ मुदतीचे काही देत नाही. रोखीचा व्यवहार करतो. ज्याला आपण तुर्कस्तानचे वाढलेले वजन म्हणतो त्यातले बरेचसे असे रोखीचे आहे. वडगाव जिंकूनही साष्टी इंग्रजांकडेच राहिली, तसे काळ्या समुद्राच्या धान्यकरारापासून डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट पडेपर्यंत अनेक डाव जिंकूनही युरोपीय संघाचे सदस्यत्व आणि एफ-३५ दोन्ही दूरच आहेत.

आज अंकारात जे चालले आहे तेही घरातूनच वाचावे लागते. मार्च २०२४ च्या स्थानिक निवडणुकांत विरोधी पक्ष पहिल्या क्रमांकावर आला. १९ मार्च २०२५ ला इस्तंबूलचे महापौर इमामोग्लू यांना अटक झाली. त्याच्या तीन आठवडे आधी तुरुंगातल्या ओजलान यांनी कुर्दी बंडखोरांना शस्त्रे ठेवायला सांगितले होते आणि मे महिन्यात त्यांच्या संघटनेने विसर्जन जाहीर केले. गंमत अशी की या समेटाचा पहिला जाहीर शब्द ऑक्टोबर २०२४ मध्ये बहचेलींनीच काढला होता. सीरियातल्या कुर्दांविषयी तुर्कस्तान मवाळ होतो की कठोर, हे दमास्कसपेक्षा संसदेतल्या बेरजेवर ठरेल. घटनेनुसार एर्दोगान यांना पुढच्या अध्यक्षीय निवडणुकीला उभे राहायचे असेल तर एक तर घटना बदलावी लागेल, नाहीतर संसदेला मुदतपूर्व निवडणूक जाहीर करावी लागेल. त्यासाठी सहाशेपैकी ३६० मते लागतात. सत्ताधारी आघाडीकडे तेवढी नाहीत, आणि कमी पडणारी मते कुर्दी पक्षाकडे आहेत.