अज्ञात रोधाचें माप

रोधकावरील रंगीत पट्टे वाचून त्याचें मूल्य सांगतां येतें. तांबडा, तांबडा, तपकिरी म्हणजे २२० ओहम. तिसरा पट्टा नारिंगी असला कीं तेच २२,००० होतात. साठी उलटलेल्या डोळ्यांस दिव्याच्या उजेडांत हा भेद नीट दिसत नाहीं. माझ्या हातून असा शंभरपट मोठा रोधक एकदां बसला, आणि लहानसा दिवा इतका मिणमिणता कां, हें शोधण्यांत संध्याकाळ गेली.

आर्डुइनो उनोसारखा मायक्रोकंट्रोलर येथें उपयोगी पडतो. त्याला रोध मोजतां येत नाहीं. विद्युद्दाब मात्र मोजतां येतो. म्हणून ज्याचें मूल्य ठाऊक आहे असा रोधक घेऊन त्याच्यापुढें अज्ञात रोधक एकाच माळेंत जोडावा. ज्ञाताचें मोकळें टोंक ५ व्होल्टांस, अज्ञाताचें शून्यास, व मधला सांधा दाब मोजणाऱ्या पिनेस. दोहोंतून एकच प्रवाह वाहत असल्यामुळें दाबाची वांटणी रोधांच्या प्रमाणांत होते. यंत्र पूर्ण दाबाचे १०२४ भाग कल्पून अज्ञाताच्या वांट्याचा आंकडा देतें. २५६ आले तर ज्ञाताकडे ७६८ उरले. अर्थात् अज्ञात हा ज्ञाताच्या एकतृतीयांश. पांच व्होल्टांचे पावणेपांच झाले तरी उत्तर तेंच, कारण मोजपट्टीहि त्याच दाबाची असते! ज्ञाताशीं अज्ञात ताडण्याची ही रीत जुनीच आहे. क्रिस्टीनें १८३३ मध्यें सुचविलेला व व्हीटस्टननें १८४३ मध्यें प्रसिद्धीस आणलेला सेतु याच जातीचा.

दाबाचा दोष असा कटतो. ज्ञात रोधकाचा मात्र कटत नाहीं. सोनेरी पट्ट्याच्या रोधकांत शेंकडा पांचपर्यंत चूक असूं शकते, व ती उत्तरांत जशीच्या तशी उतरते. शेवटचा पट्टा तपकिरी असलेला, शेंकडा एकचा घ्यावा.

शिवाय तो अज्ञाताच्या जवळपासचा हवा. २२० ओहम १०,००० शीं ताडले तर वांट्यास अवघे २२ भाग येतात. २३ आले कीं उत्तर २२० वरून २३० वर उडी मारतें. मणाच्या कांट्यावर गुंजभर सोनें तोलण्यासारखेंच हें! १,००० शीं ताडल्यास १८४-१८५ भाग येतात, आणि एका भागाचें अंतर दीड ओहमावर येतें. केवळ रंगाचा संशय फेडावयाचा असेल तर मात्र १०,००० चालतील: २२० ला २२ भाग, २२,००० ला ७०४. तेथें डोळे चुकले तरी आंकडा चुकणार नाहीं.

रोधक आधींच मंडलांत जोडलेला असेल तर वीज बंद करून त्याचें एक टोंक सोडवावें. नाहीं तर शेजारच्या वाटांचा रोधहि मापांत येतो.