वाटेवरचें घर

गेल्या पितृपक्षांत सोनपेठच्या आमच्या जुन्या घरीं श्राद्ध चाललें होतें. पिता, पितामह, प्रपितामह हीं नांवें यजमानांनीं न अडखळतां सांगितलीं. माता व पितामही यांचीं नांवेंही झालीं. परंतु गुरुजींनीं प्रपितामहीचें नांव विचारलें, तेव्हां यजमान थांबले. ओसरीवर बसलेले दोघे वडीलधारे एकमेकांकडे पाहूं लागले. अखेर माजघराच्या दारांतून थोरल्या आत्याबाईंनीं तें नांव सांगितलें आणि विधि पुढें सुरू झाला. जेवणें आटोपल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "परळीच्या यात्रेच्या गाड्या आपल्या दारापुढें सुटायच्या. त्या सगळ्या माणसांना हिनं भाकऱ्या भाजून घातल्या. आणि तुम्हां शिकलेल्या माणसांना हिचं नांवसुद्धां ठाऊक नाहीं!"

या शब्दांनीं आम्ही वरमलों. त्याच सुमारास दूर अमेरिकेंतील एका खेड्याच्या वाटेवर खाणावळ चालविणाऱ्या घराण्याची हकीकत आमच्या वाचनांत होती. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची साल-तारखेसह नोंद असलेलें तें घर. दुसरीकडे चौथ्या पिढीचें नांव शोधतांना अडखळणारें आमचें घर. हीं दोन्ही घरें शेजारीं ठेवून पाहावीं, असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्यास बसलों.

सोनपेठ हें गांव गोदावरीच्या दक्षिणेस, पाथरीहून परळीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. आज तें परभणी जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी परभणीवरून गेली, सोनपेठ त्या मार्गावर आलें नाहीं. त्यामुळें वैजनाथाच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू बैलगाडीनें किंवा पायीं जाई. वाटेंत रात्र पडली, तर त्यानें उतरावें कोठें? एखाद्या देवळांत, चावडींत, नाहीं तर कोणाच्या तरी ओसरीवर. पैसे घेऊन शिजलेलें अन्न विकणें आपल्या समाजांत फार काळ हलकें मानलें जाई. म्हणून अशा घरांवर पाटी नव्हती, सरकारी परवाना नव्हता आणि आल्यागेल्याची वहीही नव्हती. जेथें हिशेब नाहीं, तेथें इतिहास तरी कोठून यावा?

अमेरिकेंत ही गोष्ट निराळ्या वाटेनें गेली. मॅसॅच्युसेट्स ही त्या काळीं इंग्रजांची वसाहत होती. तेथील कायदेमंडळानें 1656 सालीं असें ठरविलें कीं, ज्या गांवांत वाटसरूंसाठीं खाणावळ नसेल, त्या गांवास दंड व्हावा. वाटसरूची सोय हें कोणा एकाचें पुण्यकर्म न राहतां साऱ्या गांवाची जबाबदारी ठरली. खाणावळ चालविणारास सरकारी परवाना लागे. परवाना आला कीं दप्तर आलें. आणि दप्तर आलें कीं नांव राहिलें.

अशा परवान्यांपैकीं एक मार्लबरो गांवच्या जॉन हौ याच्या नांवें 1661 सालीं निघाला. त्याचा मुलगा सॅम्युएल व सॅम्युएलचा मुलगा डेव्हिड. या डेव्हिडनें शेजारच्या सडबरी गांवीं, बोस्टनहून न्यूयॉर्ककडे टपाल जाणाऱ्या हमरस्त्यालगत, दोन खोल्यांचें एक साधें घर बांधलें. 1716 सालीं त्यास पाहुण्यांची सोय करण्याचा परवाना मिळाला. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ पेशवेपदावर येऊन तेव्हां पुरतीं तीन वर्षेंही झालीं नव्हतीं, एवढें सांगितलें म्हणजे काळाची कल्पना येईल. वाटेवर टपालवाले व व्यापारी यांची ये-जा वाढली, तशा पुढील पिढ्यांनीं त्या दोन खोल्यांना आणखी खोल्या जोडल्या. एका दमांत उभा राहिलेला हा वाडा नव्हे. आपल्याकडे मुलगा लग्नाचा झाला कीं परसाकडे एक सोपा वाढवितात, तसें तें घर वाढत गेलें.

डेव्हिडचा मुलगा इझिकिएल याच्या कारकीर्दींत घरावर तांबड्या घोड्याची पाटी लागली आणि लोक त्या खाणावळीस घोड्याच्याच नांवानें ओळखूं लागले. खाणावळ म्हणजे केवळ पोट भरण्याची जागा नव्हे. बातमी तेथें प्रथम पोंचे. गांवाचे वादविवाद तेथें रंगत. इंग्रज सरकारशीं वितुष्ट आलें, तेव्हां 19 एप्रिल 1775 रोजीं सडबरीच्या लोकांना घेऊन काँकॉर्डकडे कूच करणारांचें पुढारपण या इझिकिएलकडेच होतें. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा तो पहिला दिवस. इझिकिएल 1796 सालीं वारला. त्याच्यामागून मुलगा ॲडम आणि ॲडमच्या मागून नातू लायमन, अशी ही परंपरा चालली.

लायमनच्या वेळीं मात्र काळ पालटला. बोस्टनहून वुस्टरपर्यंतची आगगाडी 1835 सालीं सुरू झाली, ती सडबरीच्या दक्षिणेकडून गेली. पूर्वीं टपालाच्या गाडीनें जाणारा प्रवासी आतां आगगाडींत बसूं लागला आणि हमरस्ता ओस पडूं लागला. आगगाडीनें दुसरीकडून जावें आणि वाटेवरच्या घरानें वाट पाहत बसावें, हें दुःख आमच्याकडील लोकांस समजावून सांगावयास नको. लायमन अविवाहित होता. त्याची बहीण जेरुशा हीही लग्न न करतां 1842 सालीं वारली होती. 1861 सालीं लायमनही गेला. घर नातेवाइकांकडे गेलें. पण उतारू ठेवून घेणें बंद पडलें. बापाकडून मुलाकडे चार पिढ्या चालत आलेली चूल विझली.

येथेंच ही गोष्ट संपली असती, तर आज ती कोणास ठाऊक असती? परंतु दुसऱ्या वर्षीं, 1862 च्या शरद ऋतूंत, लाँगफेलो हा कवि तें रिकामें घर पाहण्यास आला. 1863 सालीं त्याचा एक काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत वाटेवरच्या खाणावळींत शेकोटीभोंवतीं जमलेलीं माणसें एकेक कथा सांगतात. पहिली कथा सांगतो तो खाणावळीचा मालक, म्हणजे लायमनच्या वळणावर घडविलेलें पात्र. ती कथा 18 एप्रिल 1775 च्या रात्रीं घोड्यावरून दौडत जाऊन इंग्रज फौज निघाल्याची वर्दी देणाऱ्या पॉल रिव्हिअरची आहे. दुसऱ्याच सकाळीं लायमनचा आजा आपले लोक घेऊन बाहेर पडला होता. आज्याच्या कूचाच्या आदल्या रात्रीची गोष्ट कवीनें नातवाच्या तोंडीं घातली. आणि तीही नातू हयात नसतांना.

त्या पुस्तकानें घर वांचविलें. लोक तें पाहण्यास येऊं लागले. 1897 सालीं एडवर्ड लेमन या लोकरीच्या व्यापाऱ्यानें तें विकत घेऊन पुन्हां चालू केलें आणि कवीचें नांव त्यास दिलें. 1923 सालीं मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनीं तें घेतलें, भोंवतालची विस्तीर्ण जमीन जोडली, जुन्या तऱ्हेची पाणचक्की उभारली. 1955 च्या डिसेंबरांत तेथें मोठी आग लागली. फोर्ड यांच्या नांवच्या निधीच्या साह्यानें डागडुजी होऊन 1958 सालीं दरवाजे पुन्हां उघडले. आज तें घर एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे आहे. वाटसरूंना अजून तेथें जेवण मिळतें व उतरण्यास खोली मिळते. चालविणारी माणसें हौ घराण्यांतील नाहींत; पण डेव्हिड, इझिकिएल, ॲडम आणि लायमन हीं नांवें तेथें येणाऱ्या प्रत्येकास सांगितलीं जातात.

आतां वाचकभगिनींनीं या यादीकडे पुन्हां एकदां पाहावें. डेव्हिड, इझिकिएल, ॲडम, लायमन. सारे पुरुष! परवाना पुरुषाच्या नांवें, पाटी पुरुषाची, कूच पुरुषाचें. परंतु अवेळीं आलेल्या गाडीसाठीं रात्रीं चूल पेटविणें, बिछाने घालणें, भांडीं घासणें, आजारी पडलेल्या प्रवाशास कढत पेज देणें हीं कामें परवान्यानें होत नाहींत. घरोघरच्या खाणावळींत तीं बायका, मुली आणि नोकर माणसें करीत. जेरुशेचें नांव आज घेतलें जातें, तें तिच्या पियानोमुळें आणि तिच्याभोंवतीं रचलेल्या दंतकथांमुळें. चुलीपाशीं गेलेल्या दिवसांमुळें नव्हे. इतकें दप्तर राखणाऱ्या देशांतही ज्या हातांनीं वाढलें, त्यांची ओळख धूसरच राहिली.

आपल्याकडे काय झालें, तेंही पाहूं. इझिकिएल हौ सडबरीस खाणावळ चालवीत होता, त्याच काळांत, 1767 पासून 1795 पर्यंत, अहल्याबाई होळकर राज्यकारभार पाहत होत्या. आमच्या परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनींच करविला. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनीं घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रें यांची सोय केली. वाटसरूंच्या सुखाची एवढी काळजी वाहिलेली दुसरी व्यक्ति आपल्या इतिहासांत क्वचितच सांपडेल. परंतु धर्मशाळा ही एका घराण्याची नसते. तिच्यामागें खाजगीची देणगी असते, देखभालीस कारभारी असतो. हौ घराण्याशीं खरें साम्य शोधावयाचें, तर तें आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या घरीं सांपडतें.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथें गेलेला यजमान आपल्या ठरलेल्या उपाध्यायांच्या वाड्यांत उतरे. स्नानाची, विधीची, जेवणाची व्यवस्था तेच करीत. त्यास किंमत म्हणत नसत, दक्षिणा म्हणत. पण दोन्ही घरांचा संबंध पिढीजाद असे. गांव व आडनांव सांगितलें कीं उपाध्याय नामावळीची वही काढीत, आणि यजमानास आपल्या पणज्याचें हस्ताक्षर पाहावयास मिळे. जुन्या नोंदी पुष्कळदां मोडींत असत. सडबरीस यजमानाच्या घराण्याचा इतिहास राहिला. आपल्याकडे यजमानानें पाहुण्याच्या घराण्याचा इतिहास राखला, ही केवढी मौज! या वह्यांचें महत्त्व परक्यांसही पटलें आहे. अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनें हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेऊन ठेविलीं आहेत.

मात्र उपाध्यायांच्या घरीं शेंकडों पानें वाढणाऱ्या गृहिणींचीं नांवें त्या वह्यांत शोधूं नयेत. आपल्या घरोघरच्या वंशावळींचीही तीच कथा आहे. आंब्याच्या झाडासारखी शाखांची मांडणी असते, पानोपानीं मुलगे असतात. सून कोण, लेक कोठें दिली, याचा पत्ता नसतो. एवढ्यावर भागत नाहीं. आपल्याकडे लग्नांत तांदुळांवर नवें नांव लिहून मुलीचें जुनें नांव बाजूस सारण्याची रीत आहे. म्हणजे एका स्त्रीचीं दोन नांवें, आणि दोन्ही हरवण्याची सोय!

असें असतां श्राद्धविधीनें एक मोठी गोष्ट सांभाळिली आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. पितृत्रयीबरोबर तो मातृत्रयीही विचारतो. माता, पितामही, प्रपितामही यांचीं नांवें घेतल्यावांचून तो पुढें जात नाहीं. आमच्या घरीं त्या दिवशीं जें नांव वर आलें, तें या प्रश्नामुळेंच. परंतु ही स्मृति तीन पिढ्यांची असते. पुढची पिढी यजमान झाली कीं प्रपितामही त्या ओळींतून बाहेर पडते. मग तिचें नांव विचारणारें कोणी उरत नाहीं. आत्याबाईंचें वय ब्यायशीं आहे. त्या नसत्या, तर आमची ओळ त्या दिवशींच तुटली असती.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे. घराण्याचा इतिहास म्हणजे सनदा आणि वतनें, अशी समजूत सोडून द्यावी. निजामी अमदानींतील सरकारी कागद उर्दूंत, जुने हिशेब मोडींत. ते वाचणारा भेटेल तेव्हां भेटो. आज घरांत जें वृद्ध माणूस आहे, त्याच्यापाशीं एक वही घेऊन बसावें. प्रत्येक सुनेचें सासरचें व माहेरचें, दोन्ही नांवें लिहावीं. माहेरचें गांव लिहावें. लेकी कोठें दिल्या तें लिहावें. घरीं कोण उतरत असे, त्यांस काय वाढीत, पाणी कोठल्या आडाचें येई, विधवा आत्या किंवा निराश्रित मावशी घरांत कोणतें काम पाही, हेंही लिहावें. राबणारीं गडीमाणसें व कुळंबिणी यांचीं नांवें आठवत असतील, तर तींही वगळूं नयेत. एकत्र कुटुंब चालतें तें या साऱ्यांच्या हातांवर. वाडा पडेल, जागेची वांटणी होईल, मुलें पुण्यास किंवा परदेशीं जातील. तें थांबविणें आपल्या हातीं नाहीं. सडबरीचें घर वांचलें तें वंशामुळें नव्हे, कोणीतरी लिहून ठेविलें म्हणून वांचलें.

आम्हीं आमची वही त्याच संध्याकाळीं सुरू केली. आत्याबाई सांगत गेल्या, घरांतील दोघी सुना आळीपाळीनें लिहीत गेल्या. परळीच्या गाड्या, त्यांचे बैल बांधण्याचा ओटा, शिवरात्रीच्या रात्रीं उपवासाच्या पाहुण्यांसाठीं शिजणारी वरी, अशीं दोन दिवसांत चाळीस पानें भरलीं. पहिल्या पानावर प्रपितामहीचें सासरचें नांव आहे. माहेरचें नांव आत्याबाईंनाही ठाऊक नाहीं, त्याची जागा मोकळी ठेवली आहे. त्यांचें माहेर गंगाखेडकडील, एवढें समजलें आहे. दिवाळीनंतर आम्ही तिकडे जाणार आहों. त्या घरीं अजून कोणी वृद्ध बाई असतील, तर त्यांना प्रथम तेंच विचारूं.