बांधलेली रोहिणी आणि फसवी काटकसर

शस्त्रक्रियेचा खर्च मोजताना सामान्यतः औषधांचे बिल, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क आणि रुग्णालयातील दिवस एवढेच हिशेबात धरले जातात. पहिली शस्त्रक्रिया चुकली तर पुढची योग्य शस्त्रक्रिया किती अवघड होऊन बसते, हा खर्च कोणत्याही बिलावर लिहिलेला नसतो. हातापायांतील रक्तवाहिन्यांच्या जन्मजात विकृतींच्या बाबतीत मात्र हाच न लिहिलेला खर्च पुष्कळदा सर्वांत मोठा ठरतो.

निरोगी शरीरात रक्त रोहिणीतून, म्हणजे धमनीतून, केशवाहिन्यांत येते आणि नीलांतून हृदयाकडे परतते. रोहिणी-नीला विकृतीत मधल्या केशवाहिन्याच नसतात. त्यांच्या जागी वेड्यावाकड्या वाहिन्यांचे जाळे असते व रक्त मोठ्या दाबाने थेट नीलांत शिरते. कालव्याला भगदाड पडून पाणी नाल्यात गेले, की शेपटाकडची शेते कोरडी राहतात; तसेच येथे घडते. हातात रक्त उदंड येऊनही बोटांच्या टोकांना ते पुरत नाही, तेथे लवकर न भरणाऱ्या जखमा होतात, आणि गळती मोठी असल्यास हृदयावरही भार पडतो.

अशा वेळी रक्त आणणारी रोहिणीच बांधून टाकावी, हा विचार कोणालाही सुचावा इतका सरळ आहे. एके काळी तसे केलेही जात असे. परंतु जाळे जागेवरच राहिल्याने ते आसपासच्या रोहिण्यांतून रक्त ओढून घेते आणि विकृती पुन्हा उफाळते. शिवाय ज्या वाटेने नळी आत नेऊन जाळ्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचता आले असते, ती वाटच बंद झालेली असते. म्हणूनच केवळ रोहिणी बांधण्याचा उपाय आता त्याज्य मानला जातो.

निदानातील गोंधळही असाच महाग पडतो. १९८२ मध्ये अमेरिकेतील मुलिकेन व ग्लोवाकी यांनी दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. तान्ह्या मुलांत वाढून पुढे आपोआप ओसरणारी रक्तवाहिन्यांची गाठ निराळी. आणि जन्मापासून असणारी, मुलाबरोबर वाढणारी, आपण होऊन न जाणारी विकृती निराळी. क्लिपेल व त्रेनोने यांनी १९०० मध्ये वर्णिलेल्या विकारात पायावर फुगलेल्या नीला दिसतात. त्या काढून टाकण्याचा मोह होतो. पण काही रुग्णांत खोलवरच्या नीला अपुऱ्या असतात किंवा नसतातच. हमरस्ताच नसलेल्या गावात आडवाट बंद करावी, तसा तो प्रकार होईल. सोनोग्राफी व एमआरआय करून आतील रचना आधी समजून घेणे हे त्यामुळे चैनीचे नव्हे, तर निकडीचे काम आहे.

आजची उपचारपद्धती टप्प्याटप्प्याची आहे. रोहिणी-नीला विकृतीत प्रथम नळीवाटे जाळ्याचा गाभा बुजवतात आणि शक्य असेल तेथे त्यानंतर लवकरच तो भाग कापून काढतात. केवळ नीलांच्या विकृतीत वाहिनी आतून आक्रसवणारे औषध टोचतात. गाठ मर्यादित असेल तर ती काढतात. एक पाय अधिक लांब होत असेल तर अस्थितज्ज्ञ योग्य वयात त्याची वाढ रोखतात. काहींना घट्ट पायमोजा आणि नियमित तपासणी एवढेच पुरते. शस्त्रक्रिया न करणे हादेखील येथे विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो.

येथेच अर्थकारणाचा प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी आरोग्य योजना ठरावीक उपचाराला ठरावीक रक्कम देते. अपेंडिक्ससारख्या, एकदाच करावयाच्या शस्त्रक्रियेला हे तत्त्व चपखल बसते. त्यामुळे गरीब कुटुंबे सावकाराच्या दारातून वाचतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ज्या विकारात शल्यचिकित्सक, क्ष-किरणतज्ज्ञ व अस्थितज्ज्ञ यांनी एकत्र बसून दहा-पंधरा वर्षांची आखणी करावयाची असते, तेथे सुट्या शस्त्रक्रियेला मोबदला आणि सल्लामसलतीला काहीच नाही, ही रीत डॉक्टरांना आणि पालकांनाही घाईच्या निर्णयाकडे ढकलते.

दुर्मीळ आजारासाठी एवढा पैसा कोठून आणावयाचा, असा आक्षेप येईल. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या इमारती उभारण्याची गरज नाही. मोजक्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत असे संयुक्त पथक असावे, जिल्हा रुग्णालयाने सुरी हाती घेण्यापूर्वी रुग्ण तेथे पाठवावा आणि मोबदला संपूर्ण उपचारक्रमाला मिळावा; त्यात प्रवासखर्च व पालकाची बुडालेली मजुरीही धरावी. एरवी पहिल्या शस्त्रक्रियेत वाचवलेले थोडे पैसे पुढे त्याच कुटुंबाकडून अनेक पटींनी वसूल होतात, आणि काही वेळा त्यांची भरपाई मुलाला आपला हात किंवा पाय देऊन करावी लागते.