ग्वांगझौमध्ये हलाल जेवण

कॅन्टन फेअरच्या खरेदीसाठी ग्वांगझौला गेलो की आम्हाला मालापेक्षा जेवणाची चिंता जास्त. 'डुकराचे नको' एवढ्याने भागत नाही; साध्या भाजीतही त्याची चरबी किंवा दारू असू शकते. पहिल्या खेपेला दोन दिवस केळ्यांवर काढले! मग लानझौ नूडल्सची दुकाने सापडली. ती बहुधा छिंगहाई-गान्सूकडील हुई मुसलमानांची. कणकेचा गोळा हाताने ताणून पाहता पाहता दोरे काढतात. वर गोमांसाचा रस्सा, मुळा, कोथिंबीर, लाल तिखट तेल. जिऱ्याच्या कबाबांसाठी उइगुर हॉटेल गाठावे. पाटीवरची 'छिंगचन' ही दोन चिनी अक्षरे मात्र ओळखायला शिका. २०१९ मध्ये बीजिंगमध्ये हलाल दुकानांच्या पाट्यांवरील अरबी मजकूर काढायला लावला. केवळ अरबीच्या भरवशावर राहू नये. जुम्याला आम्ही हुआईशेंग मशिदीत जातो आणि जवळचे दुकान नमाजींनाच विचारतो.