धोरण-अभ्यासाची पुणेरी शाळा : १९१७ ते १९७१

सार्वजनिक धोरणाचा अभ्यास, म्हणजे सरकारने एखादा कायदा वा योजना कशासाठी आखली, ती कोणापर्यंत पोहोचली आणि तिच्यामुळे नेमके काय बदलले याचा शोध, आज विद्यापीठांतून स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो. परंतु महाराष्ट्रात या अभ्यासाच्या संशोधनपद्धती प्रथम पाठ्यपुस्तकांतून आल्या नाहीत, त्या गावोगावच्या पाहण्यांतून, बऱ्याचदा आधीच्या पाहणीतील उणीव भरून काढताना घडत गेल्या.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. जमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १७७१ मधील ४० एकरांवरून १९१५ च्या सुमारास अवघ्या ७ एकरांवर आल्याचा त्यातील निष्कर्ष पुढे तुकडेबंदीच्या चर्चेत वारंवार उद्धृत झाला. मात्र हे गाव पुणे-खडकीच्या इतके जवळ होते, की तेथील पुष्कळ कुटुंबांना शहरी मजुरीचा आधार होता, आणि त्यामुळे ते दख्खनच्या कोरडवाहू गावांचे प्रातिनिधिक मानणे कठीण होते. म्हणून मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक हे शहरापासून दूरचे गाव निवडून १९२१ मध्ये दुसरा अभ्यास सिद्ध केला. निवडलेला नमुना ज्या समूहाविषयी बोलायचे त्याच्यासारखा आहे की नाही, हा प्रश्न येथे व्याख्येच्या रूपाने नव्हे, तर दुसरे गाव शोधण्याच्या गरजेतून पुढे आला.

१९३० मध्ये रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी १९६६ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत पाहणी हेच तिचे मुख्य काम ठरवले. संस्थेच्या अनेक पाहण्यांपैकी पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद ठरते ती गोदावरी व प्रवरा कालव्यांची, जिचा अहवाल १९४८ मध्ये निघाला. कालव्याचा हिशेब तोवर प्रामुख्याने पाणीपट्टीच्या वसुलीवरून मांडला जाई. या पाहणीने भिजणाऱ्या गावांची तुलना आसपासच्या जिरायत गावांशी केली आणि पिकांच्या उत्पन्नाबरोबरच मजुरी, व्यापार व प्रक्रियाउद्योग यांत झालेली अप्रत्यक्ष वाढही मोजण्याचा प्रयत्न केला. योजना नसती तर काय झाले असते, हे प्रत्यक्ष पाहता येत नसल्याने तिचा लाभ न मिळालेला पण अन्य बाबतींत मिळताजुळता प्रदेश समोर ठेवायचा, ही आजच्या मूल्यमापनातील मूळ कल्पना तेथे साध्या स्वरूपात आढळते. (गाडगीळ पुढे प्रवरेच्याच सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले, अभ्यासक आणि अभ्यासविषय यांतील अंतराचे आजचे नियम त्या पिढीने फारसे मानले नव्हते, आणि महाराष्ट्राच्या सहकाराचे त्यात भलेच झाले.)

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९५०-५१ मधील पहिल्या फेरीत निवडलेल्या १,८३३ गावांपैकी काहींमध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेची, तर उरलेल्यांमध्ये गोखले संस्थेची प्रश्नपत्रके वापरली गेली. गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी या पुण्याच्या प्रश्नपत्रकांवरील अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच पाहणीत दोन प्रश्नपत्रके चालवल्यामुळे, माहिती विचारण्याची रीत बदलली की हाती येणारी माहितीही बदलू शकते, हा मुद्दा अभ्यासकांसमोर ठळकपणे आला.

यापुढची पायरी अधिक अवघड होती, कारण तेथे खुद्द सरकारी नोंदीच संशयास्पद ठरल्या. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण दिले होते, पण कुळाने खुशीने जमीन सोडण्याची वाटही मोकळी ठेवली होती. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ मध्ये अहवाल दिला. हक्कनोंदीच्या कागदांवर विसंबून राहिले असते, तर कुळे आपण होऊन जमिनी सोडत आहेत असेच दिसले असते. परंतु नोंदींची गावात चौकशी करता यातील बहुसंख्य ‘खुशी’ शंकास्पद असल्याचे आढळले, आणि खंड व जमिनीचे व्यवहार जणू कायदा झालाच नाही अशा रीतीने चालू असल्याचा निष्कर्ष निघाला. प्रशासकीय दफ्तर हा पुरावा असतो, पण तो ज्यांच्या हितसंबंधांतून लिहिला जातो त्यांचाही तो पुरावा असतो, ही जाणीव या अहवालाइतक्या स्पष्टपणे त्या काळात क्वचितच व्यक्त झाली असेल.

१९७१ मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या दारिद्र्यविषयक अभ्यासाने मोजणीचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर नेला. दररोज माणशी २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर परवडतो, ती दारिद्र्याची सीमा मानून त्यांनी १९६०-६१ साली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी निम्म्याच्या आसपास लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या गृहीतकालाच आव्हान दिले. एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज वेळोवेळी कमीजास्त होत असते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित ठरवल्यास संख्या फुगते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकरांची रेषा मुळात खर्चावर आधारलेली होती, तर सुखात्मे शरीराच्या गरजेविषयी बोलत होते. हा भेद वादाच्या उष्णतेत अनेकांच्या नजरेतून सुटला, आणि धोरणकर्त्यांनी दोन्ही आकडे आपापल्या सोयीने वापरले.