गर्भापासून अखेरच्या दिवसापर्यंत : सेवाग्रामची नई तालीम आणि मनाचा आजीवन विकास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानवी मनाच्या विकासाचा अभ्यास मुख्यतः बालपणाभोवती फिरत होता. व्यक्तिमत्त्वाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत घातला जातो, असे सिग्मंड फ्रॉइड यांनी प्रतिपादिले. जाँ पियाजे यांनी विचारशक्तीचे टप्पे मांडले आणि त्यांतील शेवटचा टप्पा, म्हणजे समोर नसलेल्या गोष्टींविषयीही तर्क करण्याची क्षमता, पौगंडावस्थेत उदयास येतो, असे दाखविले. तारुण्य, मध्यमवय आणि वार्धक्य यांतही मन घडत राहते, हे एका सूत्रात मांडण्याचे श्रेय एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांच्याकडे जाते. १९५० मध्ये त्यांनी जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या आठ अवस्थांचा सिद्धांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याआधी पाच वर्षे, मानसशास्त्राची परिभाषा न वापरता, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे संपूर्ण आयुष्याला कवेत घेणारी ‘नई तालीम’ ही शिक्षणयोजना आकाराला आली होती.

या योजनेचा आरंभ २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेत झाला. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायाच्या आधारे द्यावयाच्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम व आशादेवी आर्यनायकम यांनी सेवाग्रामात तो आराखडा प्रत्यक्षात आणला. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर गांधीजींनी या शिक्षणाची कक्षा रुंदावण्याचा आग्रह धरला आणि जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढशिक्षण असे चार विभाग निश्चित झाले.

एरिक्सन यांच्या मते प्रत्येक अवस्थेत माणसासमोर एक पेच उभा राहतो. तो कसा सुटतो, यावर पुढील वाटचाल बरीच अवलंबून असते. तान्ह्या बाळापुढील पेच विश्वास की अविश्वास हा असतो. त्यानंतर स्वतःच्या हालचालींवर ताबा मिळवण्याचा आणि मग आपणहून पुढाकार घेण्याचा पेच येतो. पूर्व-बुनियादी शिक्षणाची सुरुवात मातेपासून, तिच्या आरोग्यापासून आणि घरच्या स्वच्छतेपासून करावी, हा सेवाग्रामचा आग्रह या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो, कारण बाळाला जग विश्वासार्ह वाटायचे असेल, तर त्याला सांभाळणाऱ्या आईलाही आधार असावा लागतो.

शालेय वयातील पेच उद्यमशीलता की न्यूनगंड असा आहे. या वयाच्या मुलाला आपल्या हातून काही नीट घडते, ही खात्री हवी असते. कापसाच्या या जिल्ह्यात सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे आणि टकळीवर सूत काढणे ही कामे शिक्षणाचे माध्यम झाली आणि सुताच्या मोजमापातून गणित, तर कापसाच्या वाटचालीतून भूगोल व इतिहास शिकवला जाऊ लागला. पौगंडावस्थेत ‘मी कोण’ हा प्रश्न मुख्य होतो. तो सोडवण्यासाठी समाजाने तरुणांना निरनिराळ्या भूमिका आजमावून पाहण्याची मुभा द्यावी, असे एरिक्सन मानत. उत्तर-बुनियादी शिक्षणात सामूहिक जीवन आणि स्वतःच्या श्रमांवर निर्वाह यांवर भर होता. मुभेइतकेच जबाबदारीलाही तेथे स्थान होते.

तारुण्यातील जवळीक की एकाकीपणा या पेचानंतर मध्यमवयात जननशीलता की साचलेपण हा प्रश्न येतो. जननशीलता म्हणजे पुढच्या पिढीची आणि आपल्यामागे उरणाऱ्या कामाची काळजी वाहण्याची वृत्ती होय. तिचा शोध घेताना एरिक्सन गांधीजींकडे वळले. १९१८ च्या अहमदाबाद गिरणी संपातील अठ्ठेचाळीस वर्षांच्या गांधीजींवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९३६ मध्ये सासष्टाव्या वर्षी शेगावात, म्हणजे पुढे सेवाग्राम झालेल्या खेड्यात, राहावयास येऊन नवी शिक्षणपद्धती उभारणारे गांधीजी ही वृत्ती उतारवयातही किती सशक्त राहू शकते, याचे उदाहरण आहेत. अखेरच्या अवस्थेत जगलेले आयुष्य जसे होते तसे स्वीकारता येते की निराशा उरते, हा पेच असतो.

या सिद्धांताच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. सर्व समाजांत टप्पे याच क्रमाने आणि याच वयात येतात, असे नाही. मुलीचे लवकर लग्न झाले किंवा मुलाला शाळेच्या वयात मजुरीला जावे लागले, तर टप्पे एकमेकांत मिसळतात. पॉल बाल्टेस यांनी पुढे असे मांडले, की प्रत्येक वयात काही कमावले जाते आणि काही गमावले जाते, आणि हा जमाखर्च परिस्थितीनुसार बदलतो.

सेवाग्रामच्या योजनेचे महत्त्व येथेच आहे. मनाच्या वाढीची जबाबदारी तिने एकट्या व्यक्तीवर न टाकता गावावर टाकली. अंगणवाडीतील बालकाचा आहार, शाळकरी मुलाच्या हाताला मिळणारे काम, तरुणाची रोजगाराची वाट, कर्जाखालच्या शेतकऱ्याला मुलांसाठी काही मागे ठेवता येईल का हा प्रश्न आणि वृद्धांना घरात मिळणारा मान हे वेगवेगळ्या खात्यांचे विषय वाटत असले, तरी ते एकाच विकासक्रमाचे दुवे आहेत. त्यांतील एखादा निखळला, तर त्याची झीज पुढच्या वयात आणि पुढच्या पिढीतही जाणवते. म्हणूनच शिक्षणाचा विचार शाळेच्या वयापुरता करणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही.