वस्तादाचा मान

आपल्या उमरीकडे तालमीत डाव शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. शब्द मूळचा फारसी, उस्ताद. कवितेतला उस्ताद शिष्याची ओळ दुरुस्त करतो, तालमीतला त्याचा पवित्रा.

खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. त्यांच्या गुरूंची आठवण सरकारला व्हायला आणखी चोवीस वर्षे लागली. १९८५ मध्ये पहिले द्रोणाचार्य पुरस्कार दिले गेले, ते कुस्तीचे भालचंद्र भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाचे गुरू ओ. एम. नांबियार यांना.

१९९० मध्ये रमाकांत आचरेकर सरांना हा मान मिळाला. अकरा वर्षांचा सचिन शिवाजी पार्कवर त्यांच्याकडे आला, तेव्हा त्याला कोण ओळखत होते? सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचे ते नाणे. नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली.

पुरस्कार देताना प्रामुख्याने शिष्यांचे आंतरराष्ट्रीय यश पाहिले जाते. यश मोजायला काहीतरी माप हवेच. पण पोराला पहिल्यांदा मैदानावर आणणारा शाळेतला खेळाचा शिक्षक या मापात क्वचितच बसतो. पोरगं मोठ्या शहरात जातं, नवा प्रशिक्षक मिळतो आणि जुने नाव मागे पडते.

म्हणून एक विनंती. गावातलं पोरगं जिंकून आलं की हार घालताना त्याला एवढं विचारा, 'बाळा, तुझा पहिला वस्ताद कोण?' आणि दुसरा हार त्यांच्या घरी पोचवा.